साच्याचं ड्रॉइंग, मिश्रणाचं प्रमाण, डीलरची यादी : गोपनीयता करारात नेमकं काय लिहावं?

ठिबक_जळगाव

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या आणि फिटिंगचं लहान युनिट आहे, अठरा माणसं. तीन कागद एकदमच पुढे आले आहेत, म्हणून एकत्र विचारतो.

पहिला : एका मोठ्या कंपनीला फिटिंग बनवून द्यायचं बोलणं चालू आहे. त्यांनी नऊ पानी इंग्रजी एनडीए, म्हणजे गोपनीयता करार, पाठवला आहे. सही करून द्या, मग ड्रॉइंग देतो, असं म्हणतात. मुदत पाच वर्षं, न्यायालय मुंबईचं. आमच्याकडून त्यांना जे कळेल त्याबद्दल त्यात एक ओळही नाही.

दुसरा : नव्या ड्रिपरचा (नळीतून थेंबथेंब पाणी सोडणारा भाग) साचा राजकोटला करून घ्यायचा आहे. रचना आमची. साचेवाला आमच्याच धंद्यातल्या आणखी दोघा-तिघांची कामं करतो.

तिसरा : मिश्रणाचं प्रमाण सुपरवायझरला आणि दोन ऑपरेटरना ठाऊक आहे. धुळे, नंदुरबार, बऱ्हाणपूर, खरगोनच्या डीलरची यादी सेल्सच्या दोन मुलांच्या मोबाइलमध्ये आहे. यांच्याकडून काय लिहून घ्यावं?

नेटवरचा एकच नमुना नाव बदलून तिन्हीकडे वापरला तर चालेल का?

वकील_भुसावळ

नाही चालणार, भाऊ. पहिल्यात गुपित त्यांचं आणि अडकणार तुम्ही, दुसऱ्यात नेमकं उलट, आणि तिसऱ्यात समोर नोकर आहे, तिथे कायद्याची मोजपट्टीच वेगळी. घाई पहिल्याची दिसते, तो आधी घेतो.

व्यापारी गुपितांसाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९व्या अहवालात विधेयकाचा मसुदा सुचवला आहे, इतकंच. आज सगळी भिस्त १८७२च्या करार कायद्यावर, मनाईच्या दाव्यांसाठी १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टवर आणि विश्वासभंगाबद्दल न्यायालयांनी घालून दिलेल्या तत्त्वांवर आहे. म्हणून कागदावरचा शब्द इथे जास्त तोलावा लागतो.

सर्वात आधी व्याख्या वाचा. ‘तोंडी, लेखी किंवा पाहण्यात आलेली सर्व माहिती गोपनीय’ असं असेल तर दोन वर्षांनी कोणती गोष्ट त्यांची आणि कोणती तुमची, हे कुणालाच सांगता येणार नाही. बदल असा मागा : ज्या कागदावर वा फाइलवर ‘गोपनीय’ असा शिक्का असेल तीच माहिती गोपनीय, आणि तोंडी सांगितलेलं पंधरा दिवसांत ईमेलने लिहून कळवलं तरच. मोठ्या कंपन्या ही दुरुस्ती बहुतेक वेळा मान्य करतात.

मग अपवाद. आधीच जगजाहीर असलेली, तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली, तुम्ही स्वतंत्रपणे विकसित केलेली आणि न्यायालयाच्या वा सरकारी आदेशाने द्यावी लागणारी, अशी पाचही प्रकारची माहिती बाहेर काढलेली हवी. तुमच्यासाठी यातला ‘आधीपासून ठाऊक’ हा अपवाद जिवाचा आहे, कारण फिटिंग तुम्ही आजही बनवता. पण तो नुसता लिहून भागत नाही, पुरावा तयार ठेवावा लागतो. सही करण्याआधी आपली सध्याची ड्रॉइंग, साच्यांची बिलं आणि मालाचे फोटो एका फोल्डरमध्ये घालून ते वकिलाला किंवा सीएला ईमेल करून ठेवा. ती तारीख पुढे बोलते.

सातव्या-आठव्या पानावर साधारणपणे तीन गोष्टी दडलेल्या असतात. ‘या कामातून निघालेली प्रत्येक सुधारणा कंपनीची’ हे वाक्य एनडीएत नकोच, तो विषय पुरवठ्याच्या करारात मोबदल्यासह ठरवायचा. ‘तत्सम वस्तू इतर कोणासाठी बनवणार नाही’ हे वाक्य आणखी जड. धंदा करण्यापासून रोखणारे करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम २७ आपल्याला वाचवील असं इथे धरून चालू नका. दोन व्यापाऱ्यांमधला करार चालू असेपर्यंतचं असं बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंगच्या खटल्यात मान्य केलेलं आहे. तिसरं, नुकसानभरपाईला वरची मर्यादा नसणं. वर्षभराच्या ऑर्डरच्या रकमेइतकी किंवा ठराविक आकड्याची मर्यादा मागा.

मुदतीत दोन घड्याळं असतात : माहितीची देवाणघेवाण किती काळ, आणि ती संपल्यावर तोंड बंद किती काळ. पाच वर्षं सहीपासून की शेवटच्या ड्रॉइंगपासून, हे लिहून घ्या. आणि करार दुतर्फी करा. तुमचं युनिट पाहायला त्यांचे लोक येतील, तेव्हा झोनचं तापमान, लाइनचा वेग, खर्चाचा हिशेब, सगळं त्यांना दिसणार आहे.

न्यायालयाबद्दल : जिथे मुळात अधिकारक्षेत्र आहे अशा न्यायालयांपैकीच एक निवडता येतं, भलतंच नेमता येत नाही. काम जळगावात होणार, माल इथून निघणार, तेव्हा जळगाव मागायला हक्काचा आधार आहे. इथल्या आदेशावरचं अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातं, मुंबईच्या फेऱ्या वाचतात. लवाद लिहिला असेल तर तो एकटी कंपनी नेमणार का, ते बघा. हितसंबंध असलेल्या पक्षाने एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात सांगितलं आहे. दोघांच्या संमतीने, आणि लवादाची जागा जळगाव, असं लिहा.

एक बारीक गोष्ट सुटते ती भंगाराची. त्यांच्या ड्रॉइंगवरचे रिजेक्ट पीस भंगारवाल्याकडे अख्खे गेले तर तो करारभंग तुमच्या गळ्यात. ग्राइंडरमधून काढूनच बाहेर द्या आणि तारीख-वजनाची वही ठेवा.

साचे_आणि_डाय

राजकोटच्या कागदाबद्दल लिहितो. साचेवाल्याकडून माहिती मुद्दाम फुटते त्यापेक्षा सवयीने जास्त फुटते. तुमची थ्रीडी फाइल त्याच्या डिझाइनरच्या कॉम्प्युटरवर राहते, ट्रायलचे पीस टेबलावर पडलेले असतात, पुढचा गिऱ्हाईक उचलून बघतो. नंतर तसल्याच कामाची ऑर्डर आली की जुनी फाइल उघडून दोन मापं बदलली जातात. त्यामुळे करारात या जागा नावानिशी आल्या पाहिजेत.

‘साचा आमच्या मालकीचा’ एवढं लिहून काम होत नाही. मालकीत काय काय, ते मोजून लिहा : साचा, कोअर आणि कॅव्हिटीचे (साच्यातला गाभा आणि पोकळी) इन्सर्ट, तांब्याचे किंवा ग्राफाइटचे इलेक्ट्रोड, थ्रीडी मॉडेल, सीएनसीचे प्रोग्राम, ट्रायलचे सर्व शॉट (साचा एकदा भरून निघालेला माल). इलेक्ट्रोड हमखास विसरतात. ज्याच्याकडे इलेक्ट्रोड आहेत तो तीच कॅव्हिटी पुन्हा स्पार्क करू शकतो, म्हणजे विजेच्या ठिणगीने पोलादात कोरू शकतो. शेवटचा हप्ता हे सगळं हातात आल्यावर आणि फाइल पुसल्याचं लेखी मिळाल्यावरच द्यायचा. एकूण रकमेच्या वीस-पंचवीस टक्के मागे राहिले की कागदाला वजन येतं, पाच टक्क्यांसाठी कोणी इलेक्ट्रोड शोधत बसत नाही.

भाव विचारताना पूर्ण मॉडेल पाठवू नका. बाहेरचं माप, वजन, कॅव्हिटींची संख्या, प्लास्टिकचा प्रकार आणि एखादं पीडीएफ दृश्य एवढ्यावर अंदाजी भाव मिळतो. ड्रिपरचं खरं गुपित आतल्या नागमोडी पाणवाटेत असतं, दातांची उंची आणि खोली तिथे आहे. तो भाग करार झाल्यावर, एकाच माणसाला, प्रत-क्रमांक टाकून द्या. ज्याला भाव विचारायचा त्याला वेगळा क्रमांक. पुढे ती पीडीएफ कुठे सापडली तर कोणाकडची, ते कळतं. पाणवाटेचा इन्सर्ट एका दुकानात आणि साच्याचा बेस दुसऱ्या दुकानात, असंही करतात. पण फिटिंगची जबाबदारी मग तुमच्यावर येते. दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की फ्लॅश (फटीतून बाहेर आलेलं प्लास्टिक) येतो आणि दोन्ही दुकानं एकमेकांकडे बोट दाखवतात. घरचा टूलरूमचा माणूस असेल तरच या वाटेला जा.

साचेवाला हीट ट्रीटमेंट, पॉलिश, टेक्स्चर बाहेरून करून घेतो. ती नावं आधी मागा, आणि ‘यांच्याशिवाय अन्यत्र काम देणार नाही, यांच्या चुकीला मी जबाबदार’ असं लिहून घ्या.

आता करार ज्याला आवरू शकत नाही ती गोष्ट. ड्रिपर बाजारात आला की कोणीही एक विकत घेऊन, कापून, मोजू शकतो. तो करारभंग नाही, त्याने तुमच्याशी करार केलेलाच नसतो. तेव्हा जे मालाकडे पाहून कळतं त्यासाठी नोंदणी लागते : दिसणाऱ्या आकारासाठी २०००च्या डिझाइन्स अ‍ॅक्टखाली, तिथे दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच मिळतात. पाणी ज्या युक्तीने चालतं तिच्यासाठी पेटंट. दोन्ही अर्ज माल विकण्याआधी, प्रदर्शनात ठेवण्याआधी. पेटंटचा सगळा मसुदा तयार नसेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करून बारा महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. ‘ड्रॉइंगवर आमचा कॉपीराइट आहेच’ या भरवशावर बसू नका. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याबरहुकूम पन्नासपेक्षा जास्त नग यंत्रावर निघाले, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यातला कॉपीराइट संपतो. चार कॅव्हिटीच्या साच्यावर पन्नास नग म्हणजे तेरा शॉट.

वकील_भुसावळ

साचेवाल्या दादांना एक जोड. ड्रॉइंग पगारी माणसाने काढलं असेल तर त्याचे पहिले मालक तुम्ही. बाहेरच्या डिझाइनरला कामाचे पैसे देऊन काढून घेतलं असेल तर नुसतं बिल भरून मालकी येत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. त्यात वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाचच धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी’ असं स्पष्ट लिहा.

ठिबक_जळगाव

खूप उपयोगी. डिझाइनर बाहेरचाच होता, ते लगेच करून घेतो.

कामगारांबद्दल : मनात असं आहे की सुपरवायझरकडून ‘सोडल्यावर दोन वर्षं जळगाव-धुळ्यात ठिबकच्या कोणत्याही कारखान्यात काम करणार नाही, केल्यास पाच लाख’ असं घ्यावं. सोबत एक कोरा चेक. याला अर्थ आहे का?

वकील_भुसावळ

नाही, आणि चेक तर अजिबात घेऊ नका.

करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नये, हे बंधन टिकतं. १९६७चा गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंगचा निकाल त्यावरच आहे. पण नोकरी संपल्यानंतरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान या २००६च्या निकालात पुन्हा एकदा नाकारली. तिथे दोन वर्षं की दोन महिने, जळगाव की सबंध खान्देश, असा वाजवीपणाचा वाद आपल्याकडे चालत नाही. ज्याने आयुष्यभर एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून नळी काढणारं यंत्र) चालवला त्याने दुसरं करायचं तरी काय? कायदा त्याच्या पोटाच्या बाजूने उभा आहे, आणि ते योग्यच आहे.

पाच लाखांचं म्हणाल तर कलम ७४ प्रमाणे तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. तेवढ्याच्या आत जे वाजवी, ते न्यायालय ठरवतं. कैलाश नाथ विरुद्ध डीडीए, २०१५, या निकालात नुकसान किंवा हानी झालेली असणं ही अटच सांगितली आहे. कोऱ्या चेकला मागे देणं नसतं. तो वटवायला गेलात तर तुमचीच बाजू लंगडी होते. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं हा प्रकारही असाच, उलट तक्रारीला कारण.

मग काय टिकतं? माणसाला अडवू नका, माहितीला अडवा. नोकरी सुटल्यावर कुठेही काम कर, पण ही ही माहिती वापरू नको, हे बंधन न्यायालय ऐकून घेतं. अट इतकीच की माहिती नेमकी सांगितलेली हवी आणि ती खरोखरच गुपित असायला हवी. नळीत कार्बन ब्लॅक अडीच टक्के, अर्धा इकडे-तिकडे, हे आयएस १२७८६ या भारतीय मानकात छापलेलं आहे. ते यादीत घातलंत तर समोरचा वकील पहिल्या दिवशी मानक दाखवील आणि बाकीच्या यादीवरही पाणी पडेल. मराठीत असं काहीसं लिहा :

‘कामाच्या निमित्ताने मला कळणारी पुढील माहिती गोपनीय आहे : सांकेतिक क्रमांक ४ व ७ या मिश्रणांतील घटक आणि त्यांची वजनं, एक्स्ट्रूडरच्या झोननिहाय तापमानाचे तक्ते, डीलरनिहाय दर, सवलत आणि उधारीची मर्यादा. ही माहिती मी नेमून दिलेल्या कामाशिवाय वापरणार नाही, लेखी परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही, तिचे फोटो किंवा नकला जवळ ठेवणार नाही. नोकरी सुटल्यानंतरही ती माहिती गुपित असेपर्यंत हे बंधन राहील. माझं स्वतःचं कसब, अनुभव आणि या धंद्यातली सर्वसाधारण माहिती यात येत नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने कागद कमजोर होतो असं वाटतं, पण खरं तर त्यानेच तो कलम २७ च्या तडाख्यातून वाचतो.

मराठीतच करा. जिल्हा न्यायालयात मराठी करार चालतो, आणि ‘इंग्रजी कळलं नाही, सही करायला सांगितली म्हणून केली’ हा बचाव उरत नाही. प्रत्येक पानावर सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या.

जुन्या माणसांसाठी एक अडचण आहे. नोकरी आधीच चालू, पगार ठरलेला, मग नव्या बंधनाचा मोबदला काय? मोबदल्याशिवायचा करार कलम २५ प्रमाणे रद्द ठरू शकतो. म्हणून पगारवाढीच्या किंवा बढतीच्या पत्रासोबतच सही घ्या आणि पत्रात तसं लिहा.

हिशेब_ताई_धुळे

डीलरच्या यादीचं बोलू. कागद करण्याआधी हे पाहा की ती यादी आजच किती जणांच्या हातात आहे. न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं : तुम्ही स्वतः ती गुपित म्हणून सांभाळली होती का? ज्या यादीतली नावं आणि नंबर दुकानांच्या पाट्यांवर वाचता येतात तिला गुपित म्हणवून घेणं कठीण. अमेरिकन एक्स्प्रेस विरुद्ध प्रिया पुरी या २००६च्या खटल्यात ग्राहकांच्या माहितीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बँकेची बाजू मान्य केली नव्हती. कोणाला किती दर, किती दिवसांची उधारी, कोणत्या महिन्यात किती बंडल उचलतो, हे मात्र बाहेरून कळत नाही. तेच जपायचं.

सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा उपाय म्हणजे सिमकार्ड फर्मच्या नावावर घेणं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही त्याच नंबरवर. मुलगा गेला तरी डीलरचा फोन तुमच्याकडेच वाजतो. सिम त्याचं स्वतःचं असेल तर कितीही करार करा, खरगोनचा माणूस त्यालाच फोन लावणार, आणि त्यात त्या डीलरचा काही गुन्हा नाही.

टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) प्रत्येकाला वेगळा युजर द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे. सेल्सला एक्सपोर्ट आणि छपाई बंद. टॅलीवॉल्ट (टॅलीतलं डेटाचं कुलूप) लावलंत तर बॅकअप चोरून नेला तरी उघडत नाही. पण तो पासवर्ड हरवला तर तुम्हालाही उघडता येणार नाही, बंद पाकिटात लॉकरमध्ये ठेवा. ज्या मुलाकडे बऱ्हाणपूर-खरगोन आहे त्याला धुळे-नंदुरबारचे दर दिसायचं कारण नाही.

जीएसटीचं लॉगिन हे मोठं भोक आहे, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. माल पाठवणाऱ्या पोराला ई-वे बिल काढायचं म्हणून मुख्य आयडी-पासवर्ड दिलेला असतो. ज्याला पोर्टल उघडता येतं त्याला जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात तुमच्या प्रत्येक नोंदणीकृत गिऱ्हाइकाचा क्रमांक आणि प्रत्येक बिलाची रक्कम दिसते. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर काढता येतो, तेवढाच द्या. तुमचं रिटर्न सीए भरत असतील तर त्यांच्यावर १९४९च्या कायद्याने गोपनीयतेचं बंधन आहेच. साधा कर सल्लागार असेल तर त्याच्याशी वेगळा एक पानी करार हवा.

यादीत दोन खोटी नावं पेरून ठेवा, नंबर घरच्यांचे. त्या नंबरवर दुसऱ्या कारखान्याचा भाव आला की यादी गेली हे त्याच दिवशी कळतं. ती नावं पेरल्याची तारीख मात्र ईमेलने कुठेतरी नोंदवलेली हवी.

आणि मिश्रणाचं. नावं काढून संकेत घाला. बॅचप्रमाणे पुड्या ऑफिसात वजन करून, क्रमांक टाकून खाली पाठवा. ऑपरेटरने २५ किलोच्या पोत्याला चार नंबरची एक पुडी टाकायची, आत काय ते त्याला कळायची गरज नाही. पुरवठादाराच्या पोत्यावरचं लेबल ऑफिसातच काढा, नाहीतर रिकामी पोती मागच्या आवारात पडून सगळं सांगतात. वजनकाटा ऑफिसात आला की रोज अर्धा-पाऊण तास जातो, आणि सुटीच्या दिवशीची पुडी आदल्या दिवशी करून ठेवावी लागते. ती न केल्याने रात्रपाळीला प्रमाण फोनवर सांगितलं जातं आणि सगळी व्यवस्था तिथेच मोडते.

सावदा_चिप्स

ताईंची पुडीची पद्धत खायच्या धंद्यातही चालते, एक फरक आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा काय काय घातलं हे लपत नाही. प्रमाण लपतं. मसाल्यांना ‘मसाले व मिश्र मसाले’ असं वर्गनाव देता येतं, मिऱ्याच्या जागी काय वापरलं ते वेगळं सांगावं लागत नाही. केळ्याचे चिप्स दुसऱ्याच्या कढईवर तळून घेत असाल तर मसाला आपल्या जागेत मिसळून, पाकिटं करूनच त्याच्याकडे न्या. त्या मिसळायच्या जागेचीही नोंदणी किंवा परवाना काढा.

सरकारी अर्जांतूनही माहिती जाते. प्रदूषण मंडळाला, बँकेला प्रक्रिया लिहून द्यावी लागते. त्या पानावर ‘व्यापारी गुपित’ असं ठळक लिहा. कोणी माहिती अधिकारात ते मागितलं तर कलम ८(१)(ड) चा आधार आहे, आणि कलम ११ प्रमाणे आपल्याला नोटीस येते. उत्तराला दहा दिवस मिळतात. नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते, म्हणून पत्ता बदलला की लगेच कळवावं.

ठिबक_जळगाव

माहिती फुटलीच, तर पहिल्या दिवशी काय करायचं? आणि स्टॅम्प कितीचा? एक कबूल करायचं राहिलं : साच्याचं अर्धं ड्रॉइंग गेल्या महिन्यातच राजकोटला ईमेल झालंय. करारावर मागची तारीख टाकली तर?

वकील_भुसावळ

मागची तारीख कदापि टाकू नका. स्टॅम्पवर विक्रीची तारीख असते, ती कराराच्या तारखेनंतरची निघाली की सगळा कागद संशयात जातो. त्याची गरजही नाही. आजच्या तारखेने करार करा आणि त्यात कलम घाला : ‘दि. अमुकच्या ईमेलने पाठवलेली ड्रॉइंग क्रमांक अमुक ते तमुक, आणि यापुढे दिली जाणारी माहिती, या सर्वांना हा करार लागू राहील.’ साचेवाल्याने तो ईमेल इतर कोणाला पाठवलेला नाही, हेही त्याच कलमात त्याच्याकडून लिहून घ्या.

स्टॅम्प ५०० रुपयांचा. ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो १०० चा होता, जुने नमुने पाहून १०० चा घेऊ नका. स्टॅम्प करारातल्या पक्षाच्या नावानेच हवा आणि विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा. सहीच्या आधी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी मुद्रांक भरलेला हवा. कमी पडला तर करार रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत न्यायालय तो पुराव्यात घेत नाही, आणि मनाई मागायला गेलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. साचेवाल्याला जळगावला बोलावून इथेच सह्या करा. गुजरातच्या मुद्रांकाचा गुंता टळतो आणि जळगावच्या न्यायालयालाही आधार मिळतो. नोंदणी लागत नाही. नोटरी सक्तीची नाही, दोन साक्षीदार असावेत.

फुटल्यावर : ज्या मोबाइल-कॉम्प्युटरवरून फाइल गेली तो बंद करून बाजूला ठेवा, फॉरमॅट करू नका, नव्या माणसाला देऊ नका. ईमेल, टॅलीचा लॉग, व्हॉट्सअ‍ॅप यांच्या प्रती काढताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आणि तज्ज्ञाची सही येते. दोन-तीन दिवसांत वकिलामार्फत नोटीस त्या माणसाला, आणि तो ज्याच्याकडे गेला त्यालाही. नव्या मालकाला कळवल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हतं’ असं त्याला म्हणता येत नाही.

मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. इथे उशीर सर्वात घातक. तीन महिने थांबून गेलात तर तातडी कसली, असं न्यायालय विचारतं. व्यापारी दावा तीन लाखांच्या वरचा असेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे, मात्र तातडीचा मनाई अर्ज असेल तर सूट आहे, म्हणून दोन्ही एकत्र दाखल करतात. दाव्यात मिश्रणाचं प्रमाण उघड लिहू नका, बंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा, नाहीतर आपलंच गुपित न्यायालयाच्या रेकॉर्डवर जातं.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व ६६ खाली फाइल उतरवून नेल्याची तक्रार देता येते. पण बऱ्याचदा ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. कोणत्या युजरने, कोणत्या तारखेला, कोणती फाइल, किती वाजता नेली, हा लॉग सोबत जोडलेला असेल तर तक्रार घेतली जाण्याची शक्यता वाढते. म्हणून ताईंनी सांगितलेले वेगळे युजर या आठवड्यातच करा, करारावर सह्या व्हायच्या आधी.